काहिलीचा पहिला खडा

गूळ पिवळा आला होता आणि माझं डोकं फिरलं.

दुसरी कुणी असती तर हात जोडायला आमच्या जैन बस्तीत, देवळात, धावली असती. काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, नुकतीच वाफ्यात ओतली होती. वाफा म्हणजे उकळून घट्ट झालेला रस निववायचा उथळ हौद. वर वाफ चढत होती आणि खाली तो रंग. पिकल्या हापूसच्या फोडीचा असतो ना, तसा. ज्या रंगापायी मी चार महिने नवऱ्याशी, गावाशी आणि मार्केट यार्डातल्या अडत्याशी भांडले, तोच रंग माझ्याच गुऱ्हाळात, माझ्याच वाफ्यात पसरला होता.

"आबा," मी म्हटलं, "काय घातलंत ह्यात?"

सिदाआबा, माझे गुळव्या, वाफ्याच्या काठावर उकिडवे बसून लाकडी फावड्यानं गूळ हलवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"हात घातला माझा," ते म्हणाले.

आणि तेवढ्यात बांधावरून पुण्याच्या बाईंची पांढरी गाडी येताना दिसली.

ह्या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. परवा एका मासिकानं माझ्यावर दोन पानं छापली. फोटो चांगला आलाय, डोक्यावर पदर वगैरे. आत लिहिलंय, "भेसळ करणाऱ्या गुळव्याला भर गुऱ्हाळातून हाकलून देणारी रणरागिणी." रणरागिणी म्हणे. ते वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या लिहिणारीला फोन केला, तर ती म्हणते, "ताई, तोच तर तुमच्या गोष्टीतला सगळ्यात भारी प्रसंग आहे." भारी आहे, खरंच भारी आहे. आता तो सगळा सांगते, मग ठरवा किती भारी ते.

मी राजमती चौगुले. आमचं गाव पंचगंगेच्या काठाला, शिरोळ तालुक्यात. सासऱ्यांचं गुऱ्हाळ होतं, गावातलं जुनं. ते गेल्यावर माझ्या नवऱ्यानं पहिलं काम काय केलं, तर ऊस गाळायचा क्रशर विकायला गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली. ऊस कारखान्याला घालायचा आणि पारावर बसून पान खायचं, हे त्यांचं स्वप्न. माणूस वाईट नाही, कष्टाचा कंटाळा तेवढा.

त्याच वर्षी मी बचत गटाकडून कोल्हापूरला तीन दिवसांच्या वर्गाला गेले होते. घरगुती खाद्यउद्योग, पापड-लोणच्यापासून सगळं. तिथं एका सरांनी गुळात काय काय घालतात ते सांगितलं. रस उकळताना हायड्रॉस नावाची पांढरी पावडर टाकतात, गूळ पिवळाधमक होतो, बाजारात भाव येतो. आमच्या गुऱ्हाळात तिला नुसती "पावडर" म्हणायचे. डबा चुलवाणाशेजारच्या, काहिलीखालच्या भट्टीशेजारच्या, कोनाड्यात असायचा, मिठाच्या बरणीसारखा. सर म्हणाले, ही पावडर मूळची कापडाचा रंग उडवायला वापरतात. मी तिथंच उभी राहिले. बाळंतिणीला आपण गूळ देतो, दात न आलेल्या पोराच्या तोंडात गुळाचा खडा ठेवतो, आणि त्यात हे?

घरी येऊन सांगितलं, गुऱ्हाळ मी चालवणार, आणि पावडरीशिवाय चालवणार.

गावात हसून हसून लोकांची मुरकुंडी. "बाईनं बोलण्याचं गुऱ्हाळ घालावं, गुळाचं कशाला?" पारावर एकानं म्हटलं, आणि माझा नवरा त्यांच्यात बसून हसला. रात्री जेवताना मात्र मऊ झाला. म्हणाला, "एवढा हंगाम घे. संक्रांतीपर्यंत बांधलेलं गिऱ्हाईक मिळालं तर गुऱ्हाळ तुझं. नाही मिळालं तर क्रशर विकायचा आणि परत हा विषय काढायचा नाही." मी म्हटलं, कबूल.

आता राहिले सिदाआबा. तीस वर्षं आमच्या गुऱ्हाळाचे गुळव्या, सासऱ्यांच्या वेळचे. गुळव्या म्हणजे काहिलीचा राजा. रस किती तापला, मळी कधी काढायची, काहील कधी उतरवायची, हे सगळं त्याच्या डोळ्यावर आणि बोटावर. एक मिनिट पुढं गेला तर गूळ जळतो, एक मिनिट आधी उतरवला तर बसत नाही. मला वाटलं होतं, आबा विरोध करतील. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकलं आणि म्हणाले, "वैनी, पावडर माझ्या बानं कधी बघितली न्हवती. यार्डानं शिकवली आमास्नी. तुमी नको म्हनलासा, लई बेस झालं. पर गूळ काळा येईल बगा. मग रडू नगासा."

"रडायला मी काय लहान आहे?"

"न्हाई, भांडायला मोठ्या हायसा," ते म्हणाले, आणि तंबाखू दाढेला धरली.

आमच्याकडे एक रीत आहे. काहील वाफ्यात आली की गुळव्या पहिला खडा उसाच्या पाल्यावर घेऊन मालकाच्या हातावर ठेवतो. मालकानं तो चाखायचा. तो चाखेपर्यंत गुळाला कुणी चांगलं म्हणायचं नाही की वाईट म्हणायचं नाही. नवरा-बायको भांडत असली तरी तेवढा वेळ गप्प बसतात. सासरे होते तोवर तो खडा त्यांना. ते गेल्यावर यांनी कधी हात पुढं केला नाही. त्या हंगामातली पहिली काहील उतरली, आणि आबा पाल्यावर खडा घेऊन सरळ माझ्यापुढं आले. तिथं माझा नवरा उभा होता, चुलत दीर उभा होता. आबांनी कुणाकडं बघितलं नाही. मी तो चाखला. काळपट, तपकिरी गूळ, पण जिभेवर उसाचं रान उतरलं होतं. पावडरीचा गूळ शेवटी शेवटी खारट लागतो, जिभेच्या कडेला बोचतो. आमच्याकडचं पोरही ओळखतं. ह्यात त्याचा लवलेश नव्हता. त्या दिवशी मी मालकीण झाले, सातबाऱ्यावर नाव असो नसो.

पण यार्डाला जीभ नसते, डोळेच असतात. पहिले रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, टेम्पोत घालून आम्ही यार्डात नेले, मी आणि आबा. सौद्याला घोळका पुढं सरकत आमच्या ढिगाशी आला आणि अडत्यानं नुसतं बोटानं दाखवलं. "जळका." दुसऱ्यानं रव्यावर टिचकी मारली. "अरे, हा सिदाचा गूळ? म्हाताऱ्याचा हात गेला वाटतं." सगळे हसले. मी तिथं जे तोंड सोडलं ते अजून यार्डात लोक सांगतात. पावडर काढली, विष काढलं, बापजन्मी खरा गूळ बघितला नाही काय, वगैरे. कुणी ऐकलं नाही. गूळ मातीमोलानं गेला.

परत येताना मी तासभर टेम्पोत बोलत होते. मला असं म्हणाले, मी त्यांना असं म्हटलं, माझा अपमान, माझा गूळ. आबा खिडकीकडं तोंड करून बसले होते. मुंडासं काढून मांडीवर घेतलेलं. मी त्यांना एका शब्दानं विचारलं नाही.

मग पुण्याची बाई भेटली. मृणालिनी देवस्थळी. पुण्यात त्यांची तीन दुकानं होती, सेंद्रिय धान्य, लाकडी घाण्याचं तेल, असलं. सांगलीच्या एका प्रदर्शनात त्यांनी माझा गूळ चाखला आणि पत्ता घेतला. नमुना पाठवला, तो त्यांना आवडला. म्हणाल्या, शुक्रवारी स्वतः येते, गुऱ्हाळ बघते, सगळं ठीक असेल तर हंगामाचा सगळा माल माझा. संक्रांत नऊ दिवसांवर आलेली. मी फोन ठेवणार तेवढ्यात म्हणाल्या, "एकच सांगू का? चव अप्रतिम आहे हो. पण रंग थोडा उजळ करता आला तर? केमिकल नकोच. पण शेल्फवर जरा…"

मी गुऱ्हाळात आले ती आग होऊनच.

"ऐकलंत का आबा? पुण्याच्या बाईलासुद्धा पिवळाच पाहिजे. पावडर नको आणि रंग पाहिजे. म्हणजे पाण्यात न उतरता पोहायचं, एवढंच राहिलंय. शिकल्यासवरलेल्यांचं हे, मग त्या यार्डातल्या अडाण्यांना काय नावं ठेवायची?"

आबा मळी काढत होते. झाऱ्यातली मळी बाजूला झटकली.

"कवा येनार हायत बाई?"

"शुक्रवारी."

"बरं," ते म्हणाले. बस, एवढंच.

बुधवारी दुपारी अडत्याचा दिवाणजी एम-एटी मोपेडवरून आला. मी चिपाडाच्या गंजीमागं कामाला होते, त्याला दिसले नाही. त्यानं आबांना बाजूला घेतलं. "सिदा, बाईचं डोकं फिरलंय, तुझं तरी ठिकाणावर हाय न्हवं? चमचाभर टाक. तिला काय कळतंय? तुझी अब्रू तरी ऱ्हाईल यार्डात." आणि वर्तमानपत्रात बांधलेली, दोऱ्यानं आवळलेली पुडी आबांच्या हातात दिली.

मला वाटलं, आबा ती त्याच्या तोंडावर मारतील. त्यांनी घेतली. कनवटीला लावली आणि परत चुलवाणाकडं गेले.

मी विचारलं नाही. आता विचाराल, का नाही विचारलं? कारण मी मनात म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचा अपमान नको. बघा, कशी मोठ्या मनाची मी. विचारलं असतं तर दोन वाक्यांत संपलं असतं. न विचारता दोन दिवस तेच उगाळत बसले.

संध्याकाळी आबा म्हणाले, "वैनी, शुक्रवारची काहील मी आन माझी म्हातारी बघतो. ऊस मीच तोडून आनतो, नदीकडच्या तुकड्यातला. तुमी उद्या गुऱ्हाळाकडं येऊ नगासा."

"का?"

"असंच."

गुरुवारी खरंच गेले नाही.

आणि शुक्रवारी सकाळी दहा वाजता वाफ्यात तो पिवळा गूळ.

गाडी थांबली. देवस्थळीबाई उतरल्या, पायात स्पोर्ट शूज, डोळ्यांवर चष्मा. मागून माझा नवरा नवा शर्ट घालून आला. क्रशरवरची माणसं, चुलवाणात चिपाडं घालणारा, दोन बाया, सगळे काम थांबवून उभे. आबांनी वाफ्यातून पहिला खडा पाल्यावर घेतला, उठले आणि माझ्यापुढं धरला. त्यांच्या तोंडावर मी आजवर कधी बघितलं नव्हतं असं हसू होतं. मला ते हसू लबाडीचं वाटलं.

मी हात पुढं केला नाही.

"अरे वा," देवस्थळीबाई म्हणाल्या, "काय सुंदर रंग आलाय हो. मी म्हणतच होते." आणि त्यांनी वाफ्याकडं हात नेला. मी तो मनगटाला धरून मागं ओढला.

"खाऊ नका. ह्यात पावडर आहे."

आबांचा हात तसाच पुढं.

"वैनी," ते म्हणाले, "आधी चाखा. मग काय बोलायचं ते बोला."

"विष चाखून बघतात का?"

"आधी चाखा."

"मला शिकवतोस?" माझ्या तोंडून तूच आलं. तीस वर्षं आमच्याकडं राबलेल्या माणसाला, सासऱ्यांच्या जोडीच्या माणसाला, मी अरे-तुरे केलं. "बुधवारी अडत्याच्या दिवाणजीकडनं पुडी घेतलीस ती मी ह्या डोळ्यांनी बघितली. कनवटीला लावलीस. काल मला येऊ दिलं नाहीस. आणि आज हा रंग. हात घातला म्हणे. मी काय दूधखुळी आहे? ज्या घराचं मीठ खाल्लंस त्याच घराच्या नावाला काळं फासतोस?"

नवरा पुढं आला. "अगं, जरा दमानं—"

"तुम्ही मध्ये बोलू नका. तुमच्या वडिलांनी असल्या माणसाला तीस वर्षं पोसलं." मी बायांकडं वळले. "बादल्या घ्या. सगळा गूळ उकिरड्यात ओता."

कुणी हललं नाही. गुळाला पायही लावत नाहीत आमच्याकडं. मग मीच बादली घेतली आणि वाफ्यातून भरली. ऊनऊन गूळ माझ्या हातावर, पदरावर सांडला, भाजलं, तरी मी थांबले नाही. उकिरड्यापर्यंत गेले आणि ओतला. माझं बघून मग बाया लागल्या, माणसं लागली. शेणावर तो पिवळा गूळ पसरला आणि वस्तीवरच्या कोंबड्या धावत आल्या.

मी परत वाफ्याशी आले तेव्हा आबा हात धूत होते. कमरेला बांधलेलं गोणपाट सोडलं, घडी घालून क्रशरवर ठेवलं. हातातला खडा पाल्यासकट चुलवाणात टाकला. मग कनवट सोडली आणि आतून ती पुडी काढून माझ्यासमोर वाफ्याच्या काठावर ठेवली.

वर्तमानपत्राची घडी तशीच. दोरा तसाच, अडत्याच्या दुकानात बांधतात तशी दुहेरी गाठ, तीही तशीच. घामानं कागद थोडा ओलसर झालेला, एवढंच. पुडी उघडलेली नव्हती.

आबांनी मुंडासं बांधलं आणि बांधावरून चालू लागले. पाठोपाठ त्यांची म्हातारी, बाळाबाई, चुलवाणामागून निघाली. तिच्या दोन्ही हातांना चिंध्या बांधलेल्या होत्या. मला त्या दिसल्या. का बांधल्यात, हे विचारायला मला सवड नव्हती.

पुडी कुणी बघितली? माणसं उकिरड्याकडं होती. नवरा ड्रायव्हरशी बोलत होता, त्याला गाडी सावलीला घ्यायला सांगत होता. देवस्थळीबाई चष्मा पुसत होत्या. वाफेनं धुरकटला होता. त्यांनी तो डोळ्यांवर चढवायच्या आत मी पुडी उचलली आणि पदराखाली घेतली.

"राजमतीताई," त्या म्हणाल्या, "मी बारा वर्षं ह्या धंद्यात आहे. गिऱ्हाइकासमोर स्वतःचा माल उकिरड्यावर ओतणारं माणूस मी बघितलेलं नाही. मला तुमचा काळाच गूळ द्या. रंगाचं मी परत कधी बोलणार नाही. चूक माझी होती. हंगामाचा सगळा माल माझा. पुढच्या हंगामाचाही."

बांधावर आबांचं मुंडासं अजून दिसत होतं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. माझा आवाज केवढा आहे, तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

मी म्हटलं, "चहा घेणार का?"

संक्रांतीला नवऱ्यानं क्रशरला हळदकुंकू वाहिलं आणि पारावरच्या सगळ्यांना माझा काळा गूळ वाटला. त्यांच्यातलाच एक म्हणाला, "वैनी, तुमी त्या सिदाची जिरवलीसा ते लई बेस झालं." जिथं तिथं तोंड उघडणारी मी, तिथं बरं माझं तोंड शिवलं गेलं. पुढं नवा गुळव्या आला, मग दुसरा, मग वाफेच्या भट्ट्या आल्या. आज माझ्याकडं चाळीस बायका कामाला आहेत, गुळाची पावडर, काकवी, चिक्की, सगळं जातं. प्रत्येक काहिलीचा पहिला खडा मीच चाखते, माझ्या आधी कुणी गुळाला नाव ठेवायचं नाही. मासिकात तेही छापलंय, माझ्या दर्जाच्या आग्रहाबद्दल.

सिदाआबांनी पुन्हा काहिलीला हात लावला नाही. चार गुऱ्हाळांतून बोलावणी आली. हसतच आली, "पावडर घातली म्हनून हाकललं व्हय? मग आमच्याकडं ये की, आमाला पावडरच पायजे." ते गेले नाहीत. पोटाला काय करायचे, तर केकताडाच्या, म्हणजे घायपाताच्या, दोऱ्या वळून बाजारात विकायचे. सहा वर्षांनी गेले. गावातलं पोर न् पोर आजही सांगतं, सिदा गुळव्या चांगला होता, पण शेवटी पावडर घातली.

मी एकदा त्यांच्याकडं गेले होते. हे कुणाला ठाऊक नाही, नवऱ्यालाही नाही. त्या शुक्रवारनंतर आठ दिवसांनी, सकाळीच.

त्यांचं घर नदीकडच्या वस्तीत. दारात रेडकू बांधलेलं, आणि त्याच्यापुढं उसाच्या तुकड्यांचा ढीग, गुडघाभर उंच. शेंडे आणि बुडखे. मधलं कांडं एकही नाही. आबा ओट्यावर दोरी वळत बसले होते, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून. बाळाबाई मला बघून उठल्या नाहीत.

"बगा," त्या ढिगाकडं हात करून म्हणाल्या, "तुमच्या घरची पावडर. आट दिस झालं, रेडकू खातंय, सरत न्हाई."

मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं, माझ्या तोंडाकडं न बघता. गुरुवारी दिवसभर दोघं बसली होती. दोन गाड्या ऊस. एकेक ऊस काथ्यानं घासायचा, वरचा मेणचट थर निघेपर्यंत. शेंडा टाकायचा, त्यात खार असतो. बुडखा टाकायचा, त्यात माती असते. नुसतं मधलं कांडं. दोन गाड्यांतून एक गाडी झाली. मग मळी वर यायला रानभेंडीच्या सालीचं पाणी, आणि चुलवाणाला एका लयीत जाळ. आबांच्या वडिलांनी शिकवलेली रीत. एवढं कोण करत बसणार, म्हणून पावडर आल्यावर सगळे विसरले होते.

"म्या म्हनलं, कशाला मरतोयस?" बाळाबाई म्हणाल्या. चिंध्या सोडल्या होत्या, पण तळहातांची सालं अजून गेलेली. "तर म्हनतोय, वैनीला रंग पायजे हाय. पावडर न घालता दावतो. पुन्यापातुर नाव जाऊ दे तिचं. आन पुडी का घेतलीस म्हनलं, तर म्हनतोय, न्हाई घेतली तर तो दुसऱ्या कुनाच्यातरी हातात दील आन तो टाकंल. माझ्या कनवटीला आसली म्हंजे मला घोर न्हाई."

"बास कर," आबा म्हणाले.

मी ओट्याखाली उभी होते. मला बसा कुणी म्हटलं नाही, आणि म्हणावं तरी का.

"आबा, चुकलं माझं," मी म्हटलं. "उद्या या गुऱ्हाळावर. मी सगळ्यांसमोर सांगते. गावासमोर, यांच्यासमोर. पाया पडते."

त्यांनी दोरीला पीळ घातला.

"पुन्याच्या बाईस्नी बी सांगनार का?"

मी तोंड उघडलं. देवस्थळीबाई ज्या कारणानं माझ्या झाल्या होत्या ते कारणच तर हे होतं. ते काढून घेतलं तर उरत काय होतं?

आबांनी थोडा वेळ वाट बघितली. खरंच बघितली. मग मान खाली घातली.

"येक इचारू?" ते म्हणाले.

"विचारा."

"त्या दिशी वाफ्यातनं बादल्या भरताना गूळ हाताला लागला आसंल तुमच्या. ऊन व्हता, भाजलं बी आसंल. बोट तरी तोंडात घातलासा का?"

"नाही, आबा."

त्यांनी दोरीचं टोक पुन्हा अंगठ्यात अडकवलं आणि वळायला लागले.

"मग जावा तुमी, वैनी," ते म्हणाले. "पुन्याची गाडी भरायची आसंल."

गाडी खरंच भरायची होती. मी गेले.